भांडण फक्त गाडीत

सोमवार, ५ फेब्रुवारी
ऐतिहासिक ठराव. यापुढे भांडण फक्त गाडीत. खाली पार्किंगमध्ये, काचा वर करून. छकुलीच्या कानावर एक शब्द पडता कामा नये, सात वर्षांची तर पोर. हीसुद्धा चक्क हो म्हणाली. कल्पना माझी होती, हे ती सोयीस्करपणे विसरणार.

बुधवार, ७ फेब्रुवारी. संध्याकाळी ६
पहिला प्रयोग. चाळीस मिनिटं. विषय: माझी आई, मग हिची आई. वर घर एकदम शांत. छकुली खिडकीपाशी गुपचूप बसलेली. मी ड्रायव्हिंग शिकवणारा माणूस, डोकं थंड ठेवा म्हणून रोज लोकांना सांगतो. हे आधी का सुचलं नाही?

सोमवार, १२ फेब्रुवारी
आठवड्यात पाच वेळा खाली गेलो. घरात भांडायचो तेव्हा दोनदाच व्हायचं. सोय झाली की वापर वाढणारच.

गुरुवार, १५ फेब्रुवारी
शाळेत सोडताना छकुलीला उलटी. गाडी लागत असणार. गोळ्या आणल्या.

शनिवार, १७ फेब्रुवारी
पुन्हा उलटी. गाडी सुरूही केली नव्हती. म्हणजे वासच. सीट कव्हरं धुतली, लिंबाच्या वासाची बाटली लावली. क्लासच्या एका काकूंना वास फार आवडला. क्लच अजून जमत नाही त्यांना.

मंगळवार, २० फेब्रुवारी
पोटात दोष नाही, डॉक्टर म्हणाले. घरात काही ताणतणाव? छाती ठोकून सांगितलं, आमच्या घरात आवाज चढत नाही. ही जमिनीकडे बघत होती. घरी आल्यावर छकुलीला वर पाठवलं आणि तासभर गाडीतच. विषय: पोरीला उलट्या कोणामुळे.

बुधवार, २१ फेब्रुवारी. दुपारी
सकाळी गाडीची किल्ली गायब. तीन विद्यार्थी परत पाठवले. सगळं घर पालथं घातल्यावर सापडली छकुलीच्या कंपासपेटीत. चांगली खडसावणार होतो, पण ती आधीच रडायला लागली. म्हणाली, बाबा, तुम्ही घरातच भांडत जा. खिडकीतून नुसते हात हलताना दिसतात, ऐकू काहीच येत नाही. मग मला वाटतं माझ्यावरूनच चाललंय. असतं का हो माझ्यावरून?

नाही गं, म्हणालो. कालचा अख्खा तास तिच्यावरूनच भांडलो होतो.