रंगानं लावलेले डबे

शहापूर, रविवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. अण्णावर ओरडले. थोरला भाऊ असला म्हणून काय झालं? वाईटसुद्धा वाटत नाही.

खेळघरातल्या सगळ्या ठोकळ्यांच्या सेटमधले तुकडे मी आकारानं वेगळे केले होते. चाकं एका डब्यात, बिजागऱ्या दुसऱ्यात, लांब पट्ट्या तिसऱ्यात. एका सेटचं चाक हरवलं तर दुसऱ्याचं बसतं, रंग कुठलाही असो. खेळण्यांच्या यादीतही चाक म्हणजे चाक, एवढंच लिहिलंय. आणि आज मी काकतीला गेले तेवढ्यात अण्णानं सगळं रंगानं लावून टाकलं! जन्म साड्यांच्या दुकानात गेलाय, त्याला दुसरं काय सुचणार? वर मलाच म्हणतो, "बघ की गं, किती झ्याक दिसतंय! एका डब्यात पाच रंग, बरं दिसत होतं व्हय ते?"

कुणाला दिसायला? रोज खेळायला येणाऱ्या पद्माला जन्मापासून दिसत नाही, हे याला माहीत नाही? कुठला डबा कुठं, तिला पाठ आहे. एक चाक लाल, एक निळं, तिला काय त्याचं? गाडी पळते.

ती आली तेव्हा अण्णा कौतुकाची वाट बघत डब्यांपाशीच उभा होता. पद्मानं चाकांच्या डब्यात हात घातला. बराच वेळ चाचपलं. मग शेजारच्या डब्यात. शेवटी हळूच म्हणाली, "बाई, आज कुणीतरी लई पसारा करून गेलंय. थांबा, आपण दोघी आवरूया."