ब्रेक निकामी, नमस्कार चालू

तोकिकोताईस,
इथूनच कमरेत वाकून नमस्कार. मोरिओकाला थंडी पडू लागली असेल. गुडघ्याला पट्टा बांधतेस ना? झोप लागते का, हे विचारत नाही. तू बसल्या जागी घोरतेस हे अख्ख्या घराण्याला ठाऊक आहे. (रागावू नकोस.)

मी मात्र पुरता वैतागलो आहे. मी काम केलं तो सिनेमा म्हणजे बुलेट ट्रेनचे ब्रेक निकामी होतात, असा थरारपट. मी अडतीस वर्षं खरा कंडक्टर होतो, म्हणून सिनेमातही मलाच कंडक्टर केलं. काम एवढंच, की दार उघडून धावत यायचं आणि ओरडायचं, सगळे मागच्या डब्यात चला. पण दार उघडलं की माझी टोपी हातात येते आणि कंबर वाकते. नोकरीतला नियमच तो, डब्यात शिरताना प्रवाशांना नमस्कार, निघताना वळून पुन्हा नमस्कार. या वयात नवी कंबर कुठून आणू? दिग्दर्शिका हान्यूबाईंनी (वय माझ्या जुन्या गणवेशाहून कमी) कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "काका, माणसं मरणार आहेत हो. नमस्कार कुणाला करताय?"

"त्यांनाच," मी म्हटलं.

चौदा वेळा हेच झालं. पंधराव्यांदा मी वाकलो नाही, पण तोंडातून निघून गेलं की गाडी चार मिनिटं आधी पोहोचत आहे, क्षमा असावी. आता ब्रेक नसलेली गाडी आधीच पोहोचणार, मग त्याची माफी कुणीतरी मागायला नको का? लेखकाला हे सुचलंच नव्हतं, आणि हसले मात्र मला. शेवटी बाई दमल्या, मला जा म्हणाल्या. मी दारात वळून वाकलो. कॅमेरा कुणी बंदच केला नव्हता. माझं वाक्य कापून त्यांनी नेमकं तेवढंच ठेवलंय. पहिल्या खेळाला लोक खो खो हसले. तू शेजारच्या अकरा जणींची तिकिटं काढली आहेस असं कळलं. ती ताबडतोब परत कर.

तुझा धाकटा,
कियोहारू

ता. क. तिकिटं परत करू नकोस.

आणखी एक. अडतीस वर्षांत माझ्या नमस्काराकडे कुणी मान वर करून पाहिलं नाही. तक्रार नाही, कामच ते. पण शेवटच्या दिवशी तू मुद्दाम माझ्या गाडीत आली होतीस, पाचव्या डब्यात. मी तुझ्यासमोर वाकलो तेव्हा तू घोरत होतीस. सिनेमात बहात्तराव्या मिनिटाला मी दारात वळतो. एकाहत्तराव्या मिनिटाला चिमटा काढायला शेजारणीला सांगून ठेव.