कुरखेड्यातला हिरवा समुद्र

कुरखेडा

चि. शालक अजयराव,

भरभरून आशीर्वाद. इकडे तुझा मासा, तुझी ताई आणि मी कुशल आहोत (क्रम ताईने लावला आहे). रत्नागिरीची हवा तुला मानवली असेलच.

बदली होऊन तू समुद्राकाठी गेलास आणि जाताना समुद्र आमच्या बैठकीत ठेवून गेलास, यातला तर्क मला इतकी वर्षे संस्कृत शिकवूनही लागलेला नाही. असो. थोड्याच दिवसांत तुझ्या त्या काचेच्या खाऱ्या टाकीला असं शेवाळ चढलं की मासा दिसेना. मी त्याला ‘शैवाल’ म्हणून पाहिलं; नाव शुद्ध केल्याने ते कमी होत नाही. शेजारच्या अंजनाबाई काचेला नाक लावून म्हणाल्या, “गुरुजी, मच्छी तं दिसून नाई राह्यली, पण भाजी मस्त आली जी! कवा तोडता?”

उजेड कमी कर, अशी तुझी फोनवर आज्ञा झाली, म्हणून मी टाकीवर माझं पिवळं सोवळं पांघरलं. तिथेच फसलो. रेशमाखाली काहीतरी बुडबुडतं आणि गुरुजी त्यात मोजून मीठ घालतात, एवढ्यावर गल्लीने देव ठरवला. माझी पाठ वळली की भाविक सोवळं उचलून आत फुटाणे टाकत. जादा अन्न कुजून शेवाळ फोफावतं, हे मी समजावून सांगितलं, तर अंजनाबाईंनी हातच जोडले: “म्हंजे पावला ना जी गुरुजी!”

शेवटी तू नागपूरच्या दुकानातून धाडायला लावलेला तो शेवाळ खाणारा मासा आला. निव्वळ शाकाहारी. आल्या आल्या पंगतीला बसला तो काच चाटूनपुसूनच उठला. आता टाकीतून पलीकडचं कॅलेंडर वाचता येतं. शेवाळाचा समूळ उच्छेद केल्याबद्दल माझं अभिनंदन करावंस.

तुझा,
भाऊजी

ता. क. शाकाहारी महाराज उपाशी आहेत. पोट खपाटीला गेलं आहे. ताईने पालक उकडून वाढला. त्यांनी पाठ फिरवली. मी सोवळं काढलं, दिवा दिवसभर लावला, स्वतःच्या हाताने फुटाणे टाकले (देवा, क्षमा कर). शेवाळ उगवेना. अंजनाबाईंना पुन्हा काही वाहा म्हणून विनवलं, तर म्हणाल्या, “आता तं मच्छी दिसून राह्यली गुरुजी. देव कुठी हाये इथी?”

आणखी ता. क. वरचं पत्र सवडीने वाच. आधी तुझ्याकडच्या खडकावरचं शेवाळ खरवडून डबाभर धाड. तो जेवल्याशिवाय ताई स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही म्हणते. म्हणजे सध्या घरात दोन शाकाहारी उपाशी आहेत. तेव्हा शेवाळ जरा जास्तच धाड.