न पोहोचलेली मनाई

आप्पा,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं कधी वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. आज रविवार. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका दाव्याची फाईल उघडून बसलेय. मंगळवारी त्यात माझं स्वतःचं प्रतिज्ञापत्र द्यायचंय, आणि सकाळपासून तीन ओळींच्या पुढे सरकलेली नाही. इतकी दमलेय की चहा करायलाही उठवत नाही. सोलापूरच्या दिवाणी कोर्टात तीस वर्षं उभी राहून पाय गेले म्हणावं, तर तसंही नाही. दुसऱ्या वकिलाला सांगून कळणार नाही, पण तुम्ही जन्मभर त्याच कोर्टात बेलिफ होता, तुम्हाला अर्ध्या शब्दात कळलं असतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही मला एकदा होटगीला नेलं होतं. मी चौथीत असेन. कोर्टाचे कागद लोकांच्या दारावर डकवायला आई रोज सकाळी गव्हाच्या पिठाची खळ शिजवून तुम्हाला डबीत भरून द्यायची. ती डबी गाडीत मी मांडीवर धरून बसले होते. होटगीत एका माणसाने शेजाऱ्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर भिंतीचा पाया खणायला घेतला होता, आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत काम बंद ठेवा असा मनाई हुकूम तुमच्या पिशवीत होता. आपण पोहोचलो तर चार माणसं खणतायत. मालक कागद हातात घेईना. तुम्ही त्याच्याशी हुज्जत घातली नाही. टोपी नीट केलीत आणि खणणाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सबंध हुकूम वाचलात, आधी मराठीत, मग कन्नडमध्ये फोड करून. त्यांनी कुदळी खाली ठेवल्या. मग दोन पंच बोलावून त्यांच्यासमोर कागद दारावर लावलात. परत येताना मी विचारलं, दारावर लावायचाच होता तर घसा कशाला फोडलात? तुम्ही म्हणालात, "दाराला काय कळतंय? माणसाच्या कानावर पडला पायजे की कागद."

तुमचे सोबती टपरीवर चहा पीत 'घर बंद, कोणी आढळले नाही' असा शेरा मारून मोकळे व्हायचे, हे अख्ख्या कोर्टाला ठाऊक होतं. तुम्हाला ते कधी जमलं नाही. आई चिडायची, एवढ्या उन्हात मरायला जाता, तुमचा कुणी सत्कार करणार आहे का? सत्कार अर्थातच कुणी केला नाही. टाचा मात्र शेवटपर्यंत फुटलेल्या होत्या, आणि मला त्यांची लाज वाटायची. आता लिहितेच आहे तर तेही लिहिते.

सनद मिळाल्यावर मी पहिली मनाई मिळवली तेव्हा घरी पेढे आणले होते. तुम्ही जेवायला बसला होता. निकाल लागला का, विचारलंत. मी म्हटलं, निकाल कुठला, तात्पुरती मनाई आहे. तुम्ही पेढा तसाच ताटाशेजारी ठेवलात. म्हणजे अजून काहीच झालेलं नाही, म्हणालात, जे वाईट व्हायचं होतं ते तेवढं थांबलंय, आणि तेही कागद पोचला असला तर. पोचला का? मला ठाऊकच नव्हतं. कागद पोचवणं हे वकिलाचं काम असतं का, असं मी तोऱ्यात म्हणाले. आई म्हणाली, अहो खा की एक, पोरीनं आणलाय. तुम्ही खाल्लात, पण माझ्याशी दोन दिवस बोलला नाहीत. किती राग आला होता मला तुमचा!

तर आता या फाईलचं सांगते. महिन्यापूर्वी एक म्हातारी माझ्याकडे आली. विणकराच्या घरातली, नवरा वारलेला, घरात तेलुगू, माझ्याशी मोडकंतोडकं मराठी. मागच्या दोन खोल्या तिच्या ताब्यात. एकीत राहायची, दुसरीत नवऱ्याचा हातमाग, त्यावर अजून थोडंफार विणायची. दिराला सगळी जागा बिल्डरला द्यायची होती. खोल्या पाडणार म्हणून त्याने तोंडावर सांगितलं होतं. मी हिश्श्याचा दावा लावला आणि सोबत निशाणी पाच, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज. दोन आठवड्यांपूर्वी, शुक्रवारी दुपारी जज्जसाहेबांनी 'जैसे थे' ठेवण्याचा हुकूम दिला. टाईप होऊन, सही होऊन, हातोहात न्यायची नक्कल मिळेपर्यंत साडेपाच वाजले. पुढे तीन दिवस सुट्टी. नाझराच्या ऑफिसात अजून माणसं होती. कागद तिथे दिला असता तर बेलिफ त्याच संध्याकाळी गेला असता. नाही तर मी जायचं, रिक्षाने दहा मिनिटं. पण त्या दिवशी पाच प्रकरणं चालवली होती आणि डोकं ठणकत होतं. मी हुकुमाचा मोबाईलवर फोटो काढला, दिराच्या नंबरवर पाठवला, कागद पर्समध्ये घातला आणि घरी आले. मेसेजवर एकच बरोबरची खूण दिसत होती, म्हणजे तो त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. मी पाहिलं होतं. उद्या बघू म्हटलं.

वर म्हातारीला फोन केला. हुकूम झाला, आता कुणी हात लावणार नाही, निवांत राहा, असं सांगितलं. ती इतकी निवांत झाली की शनिवारी सकाळच्या एसटीने अक्कलकोटला मठात नारळ फोडायला गेली. दहाच्या सुमारास जेसीबी आला. शेजाऱ्यांनी तिला कळवलं, तिने मला. मी कागद घेऊन धावले तोवर दोन्ही खोल्या आडव्या झाल्या होत्या आणि माग मातीखाली होता. मी तिथे उभी राहून हुकूम मोठ्याने वाचला. जेसीबीवाल्याने लगेच मशीन बंद केलं. एका वाचण्यात थांबला हो तो! दीर शांतपणे म्हणाला, "काल कुठं सांगितलाव मॅडम? माजा फोन बंद हुता."

आता गंमत ऐका. त्याचा वकील कोर्टाला सांगतोय की हुकूम कळण्याआधीच पाडकाम झालं होतं, आणि आता 'जैसे थे' आहे तर ते म्हातारीनेही पाळावं, मोकळ्या जागेत काही उभारू नये. भाच्याने तिच्यासाठी पत्रे आणून ठेवलेत, ते रस्त्याच्या कडेला पडून आहेत. ती शेजारणीच्या ओसरीत झोपते. मीच मिळवलेल्या हुकुमावर बोट ठेवून त्यांनी तिला अडवलंय. दिराला शुक्रवारीच हुकूम कळला होता असं ठरलं तर कोर्ट त्याच्याकडून खोल्या पुन्हा उभ्या करून घेईल. नाही तर दावा चालेल तसा चालेल, आणि ती सत्तरीच्या पुढची आहे. हुकूम कधी नि कसा कळवला ते शपथेवर लिहा, असं कोर्टाने मला सांगितलंय. बाररूममधला एक जुना सोबती म्हणतो, फोनवर तोंडी सांगितलं म्हणून लिही, कोण बघायला गेलंय?

नाही लिहिणार. मेसेज पाठवला, पोचला नाही, असंच लिहीन, आणि त्याने तिचं नुकसान होईल हेही मला कळतंय. पण तुमची पोर म्हणून लगेच खूश होऊ नका. प्रतिज्ञापत्र मराठीत असतं, म्हातारीला मराठी वाचता येत नाही. तिला मी वेगळंच सांगितलंय.

त्या शनिवारी एसटीतून उतरून ती तशीच आली, हातात प्रसादाची पुडी. रडली नाही. मातीकडे बघत म्हणाली, कागद झाला होता ना बाई, मग? मी म्हणाले, बेलिफ वेळेवर गेला नाही. विचारही करावा लागला नाही, आप्पा, आपोआप तोंडातून आलं. आणि तिने मान हलवली, कारण बेलिफाबद्दल असं कुणीही मान्य करतं. तो कागद कुठल्याच बेलिफाकडे गेला नव्हता. माझ्या पर्समध्ये होता.

हे पत्र कुठे टाकायचं? फाडून टाकेन बहुतेक. पण कालचं एवढं राहिलंय. काल ती ऑफिसात आली होती, पुढची तारीख विचारायला. जाताना दारातून परत फिरली आणि म्हणाली, "बाई, त्या बेलिफाची तक्रार नका करू. लेकराबाळांचा असेल. नोकरी जाईल त्याची."

नाही करत, म्हणाले मी.