ताईचं घड्याळ

३ मार्च
ताई येतेय! आईने फ्रिजवर कागद चिकटवला — ‘अकरा हजार आठशे किलोमीटर. येताना चौदा तास, जाताना पंधरा तास चाळीस मिनिटं.’ शेजारणीला कौतुकाने सांगत होती, “जाताना समोरून वारा असतो ना.” मी कामाला जाते ते चष्म्याचं दुकान ते घर चार किलोमीटर, दोन बस, पन्नास मिनिटं. माझं अंतर कुणी कुठे लिहिलंय?

भिंतीवर दोन घड्याळं आहेतच. एक घराचं, एक ताईच्या गावचं, जवळजवळ दहा तास मागे. आई पाहते ते दुसरंच. “उठली असेल आता.” “ऑफिसला निघाली असेल.” मी समोर उभी असते तरी!

६ मार्च
आज दुकानात जाताना ताईचं घड्याळ तासभर पुढे केलं. हो, केलं. ताई तिच्या सकाळी आठला, म्हणजे आमच्या संध्याकाळी, फोन करते.

संध्याकाळी आले तर आईचा चेहरा उतरलेला. “तासभर बसले गं फोनपाशी. जीव नुसता टांगणीला.” गंमत वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटली. ती आंघोळीला गेल्यावर काटे गुपचूप जागेवर आणले.

१५ मार्च
काल दिवसभर आईने शेजारणीच्या मोबाईलवर विमान पाहिलं म्हणे. आता समुद्रावर, आता डोंगरावर.

ताई आली. “दमलीस गं! चौदा तास बसून पाय सुजले असतील!” मी नऊ तास उभी राहून काचा बसवून आले होते. आई माझ्याकडे वळून म्हणाली, “तिची बॅग आत ठेव.”

ठेवली. तेवीस किलोची होती.

२२ मार्च
आई ताईबरोबर जातेय. सहा महिने, मग पुढचं पुढे. व्हिसा कधीच झालाय! मला आज कळतंय! अकरा वर्षं हिची औषधं, हिचे डॉक्टर मी केले, आणि लेक ती!

आई म्हणाली, “तुला आधी सांगितलं असतं तर मला निघवलं नसतं.”
मी म्हणाले, “जा की. मला काय त्याचं.”

२९ मार्च
गेल्या.

३० मार्च
पंधरा तास चाळीस मिनिटं. दुकानात गिऱ्हाईक समोर असताना मोबाईलवर विमान बघत होते. मालक ओरडले. ताईचं घड्याळ काढून टाकणार होते. खुर्चीवर चढले आणि पुसून परत लावलं.

२ एप्रिल
ताईचा फोटो आला. तिच्या स्वयंपाकघरात नवं घड्याळ, जवळजवळ दहा तास पुढे, आपल्या घरच्या वेळेचं. खाली लिहिलंय — ‘आईने आल्या आल्या मागितलं. तू घरी पोचायची वेळ होईपर्यंत सकाळचा चहा घेत नाही. आणि म्हणते, धाकटीला सांग, हे घड्याळ इथे कुणी तासभर पुढे करत नाही.’