चोन आजींच्या गाडीतला वास

४ मार्च, सोमवार. सकाळी ६
आज धंद्याचा पहिला दिवस. मी गाड्या धुणार नाही. मी 'कार केअर' करणार. फरक आहे. व्हॅनवर तसं रंगवून घेतलंय: 'ग्वाक कार केअर. आम्ही तुमच्याकडे येतो.' 'आम्ही' म्हणजे सध्या मी. चोवीस वर्षं कंपनीचा माल विकला, आता स्वतःचं नाव विकीन. आणि कंपनीने मला काढलेलं नाही. कागदावर 'स्वेच्छानिवृत्ती' लिहिलंय आणि खाली सही माझी आहे.
संकल्प: रोज सहा गाड्या. डिसेंबरपर्यंत दुसरी व्हॅन.

त्याच दिवशी, दुपारी ४
एक गाडी झाली. माझीच व्हॅन. सराव म्हणून.

१२ मार्च
आठवड्यात दोन गाड्या. सुरुवात सावकाश झालेली बरी, पाया पक्का होतो.
आमच्या सोसायटीचे चौकीदार ओक म्हणाले, तळघरातल्या पार्किंगमध्ये पाण्याचा थेंब सांडायचा नाही. मी सांगितलं, माझी पद्धत बिनपाण्याची आहे, स्प्रे मारायचा आणि पुसायचं. ते म्हणाले, "ग्वाकसाहेब, तुम्ही टाय लावून जायचात तेव्हा मी सलाम करायचो. आता करू की नको?" करा म्हटलं. केला नाही.
कंबर धरली आहे. उद्यापासून व्यायाम.

१७ मार्च
बायको, मी-सुक, शाळेच्या कँटीनमध्ये सहाशे पोरांचं सूप ढवळून आली आणि बूट काढता काढता म्हणाली, "अहो, आमच्याकडे भांडी घासायला माणूस हवाय. दुपारी तीनला सुट्टी." मी म्हटलं, मी उद्योजक आहे. ती म्हणाली, "बरं, उद्योजक, तांदूळ धुवून ठेवा." धुतले.

२१ मार्च
अखेर दर वसंतात वाळवंटातून येते ती पिवळी धूळ आली. आमचं सगळं इंचॉन शहर खोकतंय, शाळांनी पोरांना वर्गात कोंडलंय आणि रस्त्यावरची प्रत्येक गाडी पिठात लोळल्यासारखी. मला आनंद लपवता येईना. फोन छातीशी धरून बसलो.

२२ मार्च
फोन नाही. धूळ पडत असताना कोणी गाडी धुऊन घेत नाही, ती थांबायची वाट बघतात. हे आधी लक्षात यायला हवं होतं, पण हे कोणाच्याच लक्षात येत नाही.
ओझोनचं मशीन घेतलं. गाडीत अर्धा तास लावलं की कसलाही वास मुळापासून जातो. मी-सुकला सांगितलेलं नाही. निकाल दिसला की सांगीन.

२८ मार्च
मोठं काम. आमच्याच सोसायटीतल्या चोन आजी. नवरा गेल्या ऑक्टोबरमध्ये वारला, गाडी तेव्हापासून उघड्या पार्किंगमध्ये उभी. आजींना गाडी चालवता येत नाही. धुळीने गाडी ओळखू येईना म्हणून किल्ली दिली. म्हणाल्या, "भाऊ, फक्त वरची धूळ काढा. आत काही करू नका."
ग्राहक संकोचतात. त्यांना आतून काय हवंय ते आपण ओळखायचं असतं. विक्रीत मी हेच शिकलो. दार उघडलं तर सिगारेट आणि मासळीचा इतका वास की डोळ्यांत पाणी आलं. म्हातारी बिचारी सांगणार कशी.
उद्या पूर्ण पॅकेज. आतलं फुकट.

२९ मार्च. सकाळी ११
सीटा शाम्पूने घासल्या. ड्रायव्हरच्या सीटवरचा कळकट टॉवेल धुऊन वाळत घातला. मशीन दोनदा लावलं. नव्या गाडीलाही इतका कोरा वास नसतो. आजींचा चेहरा बघायचाय.

२९ मार्च. दुपारी २
आजी गाडीत बसल्या. चालकाच्या नाही, शेजारच्या सीटवर. दार लावून घेतलं. मी बाहेर हसत उभा. त्यांनी एकदा श्वास घेतला, मग पुन्हा घेतला. मग सीटच्या पट्ट्याला नाक लावलं. उतरल्या आणि म्हणाल्या, "गेला." मी म्हटलं, हो, मुळापासून गेला. त्या घरी गेल्या.

३० मार्च
ओक म्हणाले, आजी रोज दुपारी जेवणानंतर त्या गाडीत अर्धा तास बसायच्या. अख्ख्या सोसायटीला माहीत आहे. मला माहीत नव्हतं. तेव्हा मी ऑफिसात असायचो. सोसायटीने एखादी पाटी लावायला हवी होती.
माझी चूक नाही. शंभरातल्या नव्व्याण्णव लोकांना वास नकोच असतो.

१ एप्रिल
मी-सुकला सांगावं लागलं. मशीनचंही. मशीनची तिने फक्त पावती मागितली, त्याची भीती वाटली. म्हणाली, "जा आणि माफी मागा. बाकी काही करू नका." पण माफी मागितली की चूक कबूल केल्यासारखं होतं. धंद्यात दुरुस्ती करतात.

३ एप्रिल
आजींकडे गेलो. म्हटलं, वास परत आणून देतो. त्यांनी विचारलं, "आणता येतो?" मी म्हटलं, तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. त्यांनी कशाकशाचा वास होता ते सांगितलं, सावकाश, एकेक आठवून: नवऱ्याची सिगारेट. कंबरेला लावायच्या औषधी पट्ट्या. गळाचं आमिष. चघळायला ठेवायचा सुकवलेला स्क्विड मासा. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी आलं होतं. आशा असावी.
चारच घटक. सोपं आहे.

६ एप्रिल
दोन दिवस त्या गाडीत काचा लावून बसलोय. अकरा वर्षांनी सिगारेट. खोकला थांबत नाही. पट्ट्या माझ्याच कंबरेला लावल्या, तेवढाच आराम. आमिषाचा डबा सीटखाली. स्क्विड चावून दाढ दुखतेय. ओक काचेवर टकटक करून विचारून गेले, "बरं आहे ना?" संशोधन चालू आहे म्हटलं.
दुसरं गिऱ्हाईक नाही. एकावरच लक्ष देता येतं.

८ एप्रिल
आजी आल्या. केस नीट विंचरलेले, ओठांना थोडा रंग. मी किल्ली त्यांना दिली. शेजारच्या सीटवर बसल्या, दार लावलं, डोळे मिटले. मी बाहेर. यावेळी हसलो नाही.
पाच मिनिटांनी काच खाली आली. म्हणाल्या, "चारही वास बरोबर आहेत, भाऊ. खूप कष्ट घेतलेत." आणि मग, "पण हा वास तुमचा आहे."
किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, रविवारी मुलगा येऊन गाडी घेऊन जाईल, तेवढी दारं उघडी टाका.
मी माफ करा म्हणालो. तोवर त्या जिन्यापर्यंत पोचल्या होत्या. ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.
चारही दारं उघडली आणि वास जाईपर्यंत थांबलो. दीड तास लागला.