दुकान उघडं असल्याचा पुरावा

तीर्थरूप मामांस,

भाचीचा साष्टांग नमस्कार. (कागदावर साष्टांग घालायला कष्ट पडत नाहीत; समोर असता तर मी नेहमीसारखी अर्धवट वाकून पळाले असते.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? आई मला रोज विचारते, जणू काही तो माझ्याकडेच ठेवायला दिलाय, आणि मी रोज ‘बरा आहे’ म्हणून ठोकून देते. तेव्हा तो खरोखरच बरा असल्याचं उलट टपाली कळवा, म्हणजे मी खोटी पडणार नाही. मामी गेल्यापासून तुमची पत्रं दोन ओळींची येतात, त्यातली एक ओळ तारखेची असते. या वेळी जरा हात सैल सोडा, कारण मी जी बातमी देणार आहे तिचं अभिनंदन एका ओळीत मावायचं नाही.

बातमी अशी की मी जिंकले. कोणाशी, तर नकाशावाल्या कंपनीशी. तीच, जिच्या कचेरीत नोकरांना दुपारी झोपायला वेगळ्या खोल्या आहेत आणि तरीही रस्ता चुकला की जी आपल्यालाच ‘मागे वळा’ म्हणून सांगते. तुम्हाला माहीत आहेच की मी दर शुक्रवारी इंटरनेटवर एक मतपत्र काढते. कोणत्या कंपनीने काय दिवे लावले, कोण कोणावर तुटून पडलं, कोणाची माफी खरी आणि कोणाची शिकवलेली, यावर माझी मतं त्यात असतात. वाचक चौदा. (त्यातले दोन मीच आहे, एक फोनवरून आणि एक कॉलेजच्या संगणकावरून.) माझी काही मतं तर लोकांनी पाठ करावीत अशी आहेत. उदाहरणार्थ, ज्या दिवशी कंपनी ‘आम्हाला तुमच्या माहितीची काळजी आहे’ असा निरोप पाठवते, त्या दिवशी आपलं काहीतरी चोरीला गेलेलं असतं. किंवा माफीच्या व्हिडिओत माणूस जमिनीवर बसला असेल, केस विंचरलेले नसतील आणि सुरुवातीला उसासा टाकला असेल, तर उद्या त्याचं नवं दुकान निघणार. पण आमच्या कॉलेजच्या मॅडमनी माझे सहा अंक वाचून खाली तांबड्या शाईत एवढंच लिहिलं की मतं जोरदार, पुरावा कुठे आहे? तो शेरा माझ्या फार जिव्हारी लागला होता.

आणि मग पुरावा आपल्या पायांनी चालत आमच्या दारात आला. झालं असं की बाबांचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान खाली आणि आम्ही वर, त्यामुळे धंदा कसा चाललाय हे आम्हाला कानांनी कळतं. किल्ली कापायचं मशीन किरकिरलं की आई म्हणते, चला, कोणाचं तरी काहीतरी हरवलं. तर दोन महिने मशीन गप्प. बाबा आधी म्हणाले की लोक आता जपून वागायला लागलेत. मग म्हणाले की लोक घराबाहेरच पडत नाहीत. मग काहीच म्हणेनासे झाले आणि आहेत त्याच किल्ल्या पुसून पुन्हा खिळ्यांना लावू लागले, तेव्हा मात्र आईची झोप उडाली. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं की हे असंच चाललं तर दुकान सोडावं लागेल आणि तो माणूस दुकानाशिवाय राहायचा नाही. त्यानंतर आठ दिवसांनी आमच्या मॅडम दुकानात आल्या. चेहरा उतरलेला, आवाज हळू. त्यांनी बाबांना कधी पाहिलं नव्हतं, तेव्हा गल्ल्यामागे उभ्या असलेल्या बाबांनाच त्या म्हणाल्या की फार सज्जन माणूस होता हो. बाबांना वाटलं, आपल्याआधी इथे जो छत्रीवाला होता त्याच्याबद्दल चाललंय, म्हणून त्यांनीही मान हलवली आणि सांगितलं की खरंच, शेवटपर्यंत कोणाला दुखावलं नाही. असे दोघं पाच मिनिटं हळहळले. शेवटी मॅडमनी फोन पुढे केला. नकाशावर आमच्या दुकानाच्या नावाखाली तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं: कायमचे बंद.

आता तुम्ही म्हणाल, लिहिलं तर लिहिलं, पाटी तर जागेवर आहे ना? मामा, किल्लीवाल्याकडे कोणी ठरवून जात नाही. माणूस दाराबाहेर अडकतो, आत गॅसवर दूध असतं, आणि तो फोनलाच विचारतो की जवळ किल्लीवाला कुठे आहे. फोन म्हणाला ‘कायमचे बंद’ की तो समोरच्या फुटपाथवरून आमची पाटी वाचत वाचत दुसऱ्याकडे जातो. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे कारस्थान होतं. फोनवरून किल्लीवाले पाठवणारी एक नवी कंपनी निघाली आहे, तिनेच नकाशावाल्यांशी संधान बांधून छोट्या दुकानांना जिवंतपणी मारायचं ठरवलंय. मी लगेच दुकान पुन्हा उघडं दाखवण्याचा अर्ज केला. कंपनीने पुरावा म्हणून व्हिडिओ मागितला: मालकाने पाटी दाखवावी, रस्ता दाखवावा आणि स्वतः कुलूप उघडून आत जावं, म्हणजे दुकान त्याचंच असल्याचं सिद्ध होईल. हे ऐकून बाबा दोन महिन्यांत पहिल्यांदा भडकले. “कुलूप उघडता येणं म्हणजे मालकी असेल,” ते म्हणाले, “तर हे अख्खं शहर माझं आहे.”

तरी आईने समजूत घालून त्यांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावला आणि मी फोन धरून उभी राहिले. पाटी झाली, रस्ता झाला, बाबा ऐटीत शटरपाशी गेले आणि खिशातून एक वाकडी तार काढून त्यांनी चार सेकंदांत कुलूप उघडलं. (दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दुकानाची किल्ली तीन वर्षांपूर्वी हरवली आहे. जगाला किल्ल्या करून देणाऱ्या माणसाला स्वतःची करायला सवड मिळाली नाही, आणि तारेने काम भागतंय तर आमच्यापैकी कोणाला त्यात काही वावगंही वाटलं नाही. मीही तो व्हिडिओ न बघताच पाठवून दिला.) दुसऱ्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं की सदर व्हिडिओत एक इसम बंद दुकान फोडताना दिसत असल्याने आपलं खातं स्थगित करण्यात येत आहे. म्हणजे आधी आम्ही मेलो होतो, आता चोरही झालो.

मग मात्र मी लेखणी उचलली. तीन भागांत लेख लिहिला, मथळा ‘जिवंत माणसाचं दुकान’. पहिल्या भागात कंपनीची अक्कल काढली, दुसऱ्यात तिचा नफा काढला आणि तिसऱ्यात पडद्यामागच्या सूत्रधाराला जाहीर आव्हान दिलं. कोणाच्या सांगण्यावरून दुकान बंद केलंत ते सांगा, त्या भांडवलदारांच्या हस्तकाला उजेडात आणा, तो माणूस आरशात स्वतःचं तोंड कसं बघतो ते आम्हाला कळू द्या, वगैरे. (शेवटचं वाक्य लिहिताना मला स्वतःलाच भरून आलं.) सोबत बाबांचा व्हिडिओ जोडला. लेख चौदा जणांनी वाचला आणि व्हिडिओ साडेतीन लाखांनी पाहिला. इंटरनेटचा स्वभाव मी जवळून बघितला तो या आठवड्यात. सोमवारी लोक हसले. मंगळवारी संतापले आणि कंपनीचा निषेध झाला. बुधवारी एकाने ‘कंपनीचीही काही बाजू असेल’ असं लिहिलं, त्याचा निषेध झाला. गुरुवारी कोणीतरी शटरच्या आवाजावर गाणं बांधलं आणि त्यावर लहान मुलं नाचली. शुक्रवारी सगळं जग एका बोलक्या कावळ्याकडे निघून गेलं. पण मधल्या काळात कंपनीचं काम झालं होतं, म्हणजे आमचं झालं होतं. त्यांच्या कोण्या अधिकाऱ्याने दिलगिरीचं पत्र पाठवलं (उसासा नव्हता, म्हणून मी ते स्वीकारलं) आणि आमच्या नावाखाली हिरव्या अक्षरांत आलं: आता उघडे आहे.

मामा, तेव्हापासून मशीन थांबलेलं नाही. काही लोक नुसतं बाबांना बघायला येतात, पण रिकाम्या हातांनी परत जायला लाजतात आणि एखादी किल्ली करून घेऊन जातात. बाबा त्यांना तार दाखवत नाहीत, ते धंद्याचं गुपित आहे म्हणतात. आई पुन्हा गाढ झोपते. मॅडमनी माझ्या लेखावर तांबड्या शाईत फक्त ‘वा’ लिहिलंय, आणि मी तो कागद भिंतीवर लावलाय. एका मुलीने घरबसल्या एवढ्या मोठ्या कंपनीला नाक घासायला लावलं, ही काय लहान गोष्ट आहे? तुमचा आशीर्वाद होताच, पण बरंचसं माझंच कर्तृत्व आहे.

थोरांना नमस्कार सांगितला असता, पण तिकडे तुम्ही एकटेच थोर आहात, तेव्हा सगळा तुम्हीच घ्या.

आपली विजयी भाची

ता. क. – पत्राचं खरं कारण. येत्या शनिवारी मॅडमनी कॉलेजात माझं भाषण ठेवलंय आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसायला हवं. शिवाय एक सल्ला हवाय. तुम्ही बत्तीस वर्षं दारोदार विजेचे मीटर वाचत हिंडलात, माणसं ओळखता. एका भल्या माणसाचं दुकान असं खोटं बोलून बंद करणारा नीच माणूस कोण असू शकेल? नाव कळलं की भाषणात घेते.

दुसरा ता. क. – पाकीट चिकटवायच्या आत कंपनीचं आणखी एक उत्तर आलं. मी मागितलेला पुरावा त्यांनी चक्क पाठवला. दुकान बंद असल्याची खबर त्यांना एकोणीस वेळा मिळाली, एकोणीसही वेळा एकाच माणसाकडून, दुपारी दीड ते अडीचच्या दरम्यान. हा माणूस त्यांचा फार विश्वासू माहितगार आहे म्हणे. फोनने आजवर विचारलेल्या ‘हे दुकान उघडं आहे का?’ छापाच्या चार हजार प्रश्नांपैकी त्याने एकही टाळलेला नाही. नाव ते सांगत नाहीत, पण त्याने दर वेळी लिहिलेले दोन शब्द त्यांनी जोडलेत: ‘दार बंद’. मी ते आईला वाचून दाखवलं. तिने फोन माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, “हे दादाचं अक्षर आहे.”

अक्षर छापील होतं, मामा, पण आई बरोबर होती. घराला कुलूप दिसलं की वहीत ‘दार बंद’ लिहून पुढे जायचं, हे तुम्ही बत्तीस वर्षं केलंत. फोनने विचारल्यावर दुसरं काय लिहिणार? तेव्हा लेखातला ‘भांडवलदारांचा हस्तक’ मी मागे घेते, आरशाचं वाक्यही मागे घेते. दीड ते अडीच बाबा शटर ओढून वर जेवायला येतात, आणि जेवणाच्या वेळी कोणाची बेल वाजवायची नाही हा तुमच्या नोकरीतला नियम तुम्ही आम्हालाही लावलात, हे मला कळलं. बाबांना सांगितलं तेव्हा वाटलं ते हसतील. त्यांनी एवढंच विचारलं, “एकोणीस वेळा आला? कशाला आला असेल?”

कंपनीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, उलट पक्कं झालंय, आणि शनिवारी मी तेच बोलणार आहे. त्यांच्याकडे वेळ होती, जागा होती, आकडा होता. त्यावरून त्यांनी काढलं काय, तर दुकान बंद आहे. दुखऱ्या गुडघ्याने दोन बस बदलून एक माणूस एकाच बंद दाराशी एकोणीस वेळा का येतो, हा प्रश्न एवढ्या मोठ्या कंपनीला पडला नाही. आणि आम्हाला तो पडायची वेळच आली नाही, कारण तुम्ही खाली उभे होतात तेव्हा आम्ही वर जेवत होतो. याची मला फार लाज वाटते, मामा.

तिसरा ता. क. – पाकीट जड लागलं असेल. आत किल्ली आहे, आमच्या वरच्या दाराची. बाबांनी मशीन न लावता सकाळभर कानशीने घासून केली आणि गिऱ्हाइकांना थांबवून ठेवलं. दीडला या, बेल वाजवू नका. बाबांनी सांगितलंय की किल्ली नवी आहे, पहिल्यांदा जरा अडेल. दार थोडं आपल्याकडे ओढायचं आणि मग फिरवायची.